जॉब गरम आहे, आधी चहा घे!

लेथवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच ताकीद मिळते: "चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही." चक म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) पकडून फिरवणारा जबडा. चावी तिथेच राहिली आणि मोटर चालू झाली, तर ती गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटते. ही ताकीद भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये देतात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात देतात, जर्मनीत देतात, जपानातही देतात. भाषा बदलते, आवाजातली जरब तीच.

यंत्रकाम हा असा तोंडातोंडी चालणारा धंदा आहे. पुस्तकं आहेत, आयटीआयचे दोन वर्षांचे टर्नर आणि मशिनिस्टचे अभ्यासक्रम आहेत. तरी हात बसतो तो शेजारच्या मशीनवरच्या माणसाने "अरे, असं नाही, असं धर" म्हटल्यावर. अशा सांगण्यातून फिरणाऱ्या काही गोष्टी आज गोळा केल्या आहेत. सुरुवात हिंजवडीपासून, कारण हिंजवडीत लोखंडाचा वास येईल असं कुणालाच वाटत नाही.

गुरुवारची रजा टाका

हिंजवडी म्हटलं की काचेच्या इमारती आणि संध्याकाळची कोंडी. पण इथला राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीचा आहे. १९६२ साली स्थापन झालेलं हेच महामंडळ भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचंही. म्हणजे कोड लिहिणारा आणि टर्नर दोघेही एकाच वाड्यातले बिऱ्हाडकरू! फरक सुट्टीचा. हिंजवडी शनिवार-रविवार शांत, भोसरीचा पट्टा गुरुवारी. मशीनवाल्या मित्राशी निवांत गप्पा मारायच्या असतील तर आयटीवाल्याने गुरुवारची रजा टाकावी.

आणि गप्पांना विषय भरपूर आहेत. टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय हिंजवडीत आहे. कॅटिया आणि सॉलिडवर्क्स बनवणाऱ्या दासो सिस्टिम्सची सॉफ्टवेअर लॅबही इथलीच. जगभरचे डिझायनर ज्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट काढतात त्यावर इथे मुळशी तालुक्यात काम चालतं, आणि तसाच एखादा पार्ट पंधरा-वीस किलोमीटरवर कुणीतरी व्हाइसमध्ये आवळत असतो.

गावाचं यंत्राशी नातं त्याहून जुनं आहे. हनुमान जयंतीला म्हातोबाच्या उत्सवात हिंजवडीहून वाकडकडे बगाड निघतं. लाकडी गाडा, उभा खांब, त्यावर फिरणारं आडवं लाकूड. बेअरिंगशिवाय एवढं वजन फिरवणाऱ्या सुतार-लोहारांना कुठलं सॉफ्टवेअर होतं?

टूल सेटरची वळणदार रेषा

हिंजवडीतल्या कुठल्याही डिझायनरच्या स्क्रीनवर पाहा. मोटारीचा बॉनेट, मिक्सरचं झाकण, हेल्मेटची गोलाई, सगळीकडे एका प्रकारची वळणं वापरलेली असतात. त्यांना बेझिए वक्र म्हणतात. नावावरून वाटतं की हे पिएर बेझिए एखाद्या विद्यापीठात खडू घेऊन उभे असतील. प्रत्यक्षात १९३३ साली ते फ्रान्सच्या रेनो मोटार कंपनीत लागले ते टूल सेटर म्हणून! मशीनला टूल लावायचं, माप जुळवायचं, पहिला जॉब पास करून द्यायचा, हे त्यांचं काम. पुढच्याच वर्षी ते टूल डिझाइनला गेले आणि १९४५ मध्ये त्या विभागाचे प्रमुख झाले.

सेटरला जे दुःख माहीत असतं तेच त्यांना माहीत होतं. चित्रकार मोटारीचं सुंदर वळण कागदावर काढतो. त्यावरून लाकडी नमुना होतो, नमुन्यावरून साचा, साच्यावरून डाय. प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी हात थोडा इकडे, थोडा तिकडे. शेवटी पत्रा बाहेर येतो तेव्हा ते वळण मूळचं राहिलेलंच नसतं. बेझिए यांना असं वळण हवं होतं जे आकड्यांत सांगता येईल आणि मशीन बिनचूक कापेल. त्यांची युक्ती आजही शाळकरी मुलाला समजावता येते. चार बिंदू घ्या. पहिला आणि चौथा म्हणजे रेषेची दोन टोकं. मधले दोन रेषेवर नसतातच, ते तिला दुरून आपल्याकडे ओढतात. बिंदू हलवला की वळण हलतं. बस्स.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. हेच गणित १९५९ मध्ये सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच मोटार कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो यांनी स्वतंत्रपणे शोधलं होतं, बेझिए यांच्याही आधी. सित्रोएनने ते कुलपात ठेवलं. बेझिए यांनी आपलं काम लिहून छापलं, लोकांना समजावलं. आज सगळं जग त्या रेषेला बेझिए म्हणतं. हातचं कसब लपवून ठेवणाऱ्या प्रत्येक सीनियर ऑपरेटरला मला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

आणि एक गंमत: संगणकावरच्या देवनागरी फाँटमधली प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार बेझिए वक्रांचाच बनलेला असतो. एका टूल सेटरची रेषा आपण रोज मराठीत वाचतो.

फीत नाही, तरी गुंडाळा

संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या प्रोग्रामचा शेवट बहुतेक वेळा "एम-थर्टी" या आज्ञेने होतो. अर्थ: काम संपलं, फीत गुंडाळ. कुठली फीत? पूर्वीची भोकं पाडलेली कागदी फीत! त्या फितीवरून मशीनला सूचना मिळत. आता प्रोग्राम पेनड्राइव्हवरून किंवा तारेतून येतो, फीत बहुतेक ऑपरेटरांनी पाहिलेलीही नसते, तरी आज्ञा तीच. प्रोग्रामच्या सुरुवातीला दिसणारी टक्क्याची खूणही त्या फितीचीच. गुंडाळताना इथे थांब, असं ती सांगायची.

आकड्यांवर मशीन चालवणं सुरू झालं हेलिकॉप्टरमुळे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत. पात्याच्या आकाराचे असंख्य बिंदू हाताने जुळवण्यापेक्षा छिद्रांच्या कार्डांवरून आकडे वाचावेत, हे त्यांनी सुचवलं. त्यातून १९५२ मध्ये एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. सात वर्षांनी तिथल्याच लोकांनी त्या मशीनसाठीची नवी प्रोग्रामिंग भाषा पत्रकारांना दाखवली, तेव्हा भेट म्हणून काय दिलं? मशीनवर कापलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे.

कागद, पट्टी आणि रॉकेल

आता खास कानमंत्र. हे मॅन्युअलमध्ये शोधत बसाल तर वेळ जाईल. शेजाऱ्याला विचारलं तर तो हातातलं काम सोडून दाखवायला येईल, आणि या जमातीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

टूल जॉबला नेमकं कुठे टेकतं ते कसं कळणार? कागद लावा. मशीन बंद ठेवून जॉबवर साध्या कागदाचा कपटा धरायचा, हलवत राहायचा आणि टूल हळूहळू जवळ आणायचं. कागद अडकला की टूल जॉबपासून कागदाच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटरवर आलं. ऑफिसच्या रद्दीचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

लेथचं टूल सेंटरला आहे का? मशीन बंद असताना टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये पातळ स्टीलची पट्टी अलगद दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल बरोबर सेंटरला. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. हे मला पहिल्यांदा दाखवलं गेलं तेव्हा मी तीनदा पुन्हा करून पाहिलं. ना डायल, ना गेज, एका पट्टीत सगळं उत्तर.

ॲल्युमिनियम टूलला चिकटतं? थोडं रॉकेल लावा, आग जवळपास नाही हे पाहून. बीड कोरडंच कापा. त्यातला ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतो. संध्याकाळी रुमाल काळा होईल तो त्याचाच. पितळेला धारेचा उतार देऊ नका, नाहीतर टूल स्वतःहून आत घुसतं. हाताने टॅप मारताना एक फेरा पुढे, अर्धा मागे, म्हणजे आतला कीस तुटत राहतो. हँडल फिरवताना माप चुकून पुढे गेलं तर तेवढंच मागे येऊन थांबू नका. बरंच मागे जा आणि पुन्हा त्याच बाजूने या, कारण स्क्रू आणि नटमधली ढिलाई दिशा बदलली की फसवते.

आणि कान उघडे ठेवा. नीट चाललेला कट सुरात असतो. किंचाळायला लागला की टूल जास्त बाहेर निघालंय, जॉब कमी आवळलाय किंवा धार गेलीय. जुना माणूस पाठमोरा उभा राहून सांगतो, "इन्सर्ट बदल," म्हणजे टूलचं कापणारं टोक बदल.

जॉब गरम आहे, आधी चहा घे

हे वाक्य आळशीपणाचं वाटतं, पण ते शुद्ध भौतिकशास्त्र आहे. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसवर धरायची, असं १९३१ मध्ये ठरलं. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. आता १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट कापून नुकताच तयार झालाय आणि ५० अंशांवर आहे असं धरा. तो जवळजवळ ३५ मायक्रॉन फुगलेला असतो. डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या केसाएवढा. आणि या मापाच्या शाफ्टला बेअरिंगच्या एका नेहमीच्या फिटमध्ये एकूण सूट मिळते ती २२ मायक्रॉनची! गरम असताना माप एकदम बरोबर, थंड झाल्यावर रिजेक्शन.

यात एक बारकावा आहे, तो समजला की माणूस मनाने पक्का मशिनिस्ट होतो. एप्रिलच्या पुण्यात शॉप ३८ अंशांवर असलं तरी पोलादी जॉब आणि पोलादी मायक्रोमीटर दोन्ही सारखेच तापलेले असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि माप जुळतं. ॲल्युमिनियमचं मात्र तसं नाही, ते पोलादाच्या दुप्पट वाढतं. मायक्रोमीटर बराच वेळ मुठीत धरून बसणाऱ्यालाही म्हणूनच हटकतात: "खाली ठेव, तुझ्या हाताची ऊब लागतेय त्याला."

विडिया म्हणजे काय रे भाऊ?

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या शॉपमध्ये कार्बाइडच्या टूलला "विडिया" म्हणतात. हा शब्द आपला वाटतो, पण आहे जर्मन. १९२० च्या दशकात जर्मनीच्या क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं आणि "हिऱ्यासारखं" या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांतून नाव जोडलं. त्या नावाचे तुकडे घेऊन रोज काम करणाऱ्यांना आपण दिवसभर "हिऱ्यासारखं, हिऱ्यासारखं" म्हणतोय हे ठाऊक नसतं.

त्याच्याही आधी हायस्पीड स्टीलने लोकांना वेड लावलं होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टूल लालबुंद होऊनही कापत राहिलेलं पाहायला गर्दी लोटली. ते घडवणाऱ्या जोडीतले फ्रेडरिक टेलर स्वतः उमेदवारी करून मशिनिस्ट झालेले. धातू कसा कापावा यावर त्यांनी २६ वर्षं प्रयोग केले आणि त्यात सुमारे ८ लाख पौंड धातूचा कीस पाडला. ३६० टनांच्या वर! मग १९०६ मध्ये ते सगळं व्यावसायिक अभियंत्यांपुढे मांडलं.

बायकोचं शिवणयंत्र

शॉपमधली सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे स्लिप गेज, मखमलीच्या पेटीतले चकचकीत पोलादी ठोकळे. स्वीडनच्या बंदूक कारखान्यातले कार्ल एडवर्ड जोहान्सन यांना १८९६ मध्ये ही कल्पना सुचली. निवडक १०२ ठोकळे केले तर ते जोडून २० हजार वेगवेगळी मापं तयार होतात. पण इतकं बारीक घासणार कशावर? त्यांनी घरी बायकोच्या शिवणयंत्रालाच घासण्याचं यंत्र बनवलं. हे ठोकळे एकमेकांवर सरकवून दाबले की गोंदाशिवाय चिकटतात. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक पोरगा ते ओढून पाहतो, आणि प्रत्येक उस्ताद त्याला तेवढं करू देतो.

स्वयंपाकघरातला व्हिटवर्थ

लंडनच्या हेन्री मॉड्सले यांच्या वर्कशॉपमधून एवढी माणसं घडली की त्याला विद्यापीठच म्हणायला हवं. वाफेचा हातोडा करणारे जेम्स नॅस्मिथ तिथलेच, जोसेफ व्हिटवर्थही तिथलेच. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. व्हिटवर्थ यांनी देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट मागवले, मोजले, त्यांतून मध्यम माप काढलं आणि १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत मांडली. स्वतःचं लादण्याऐवजी सगळ्यांचं विचारून केलेलं माप टिकलं. किती टिकलं? तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचे आटे आजही ५५ अंशांचेच आहेत.

नळ बसवायला येणारा मिस्त्री अर्ध्या इंचाला "चार सूत" म्हणतो. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. आणि सायकलचं डावं पेडल खोलायचं असेल तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. नाहीतर पाय मारता मारता पेडल सुटून पडलं असतं.

सायकलवाल्याची "खबर"

सायकलवरून लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवणारच. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. हे औंध साताऱ्याचं. हिंजवडीला जाताना लागणारं, सरकारी आयटीआयचं औंध वेगळं. पण दोन्ही औंधांनी यंत्रावर हात बसवलेली माणसं दिली हा योग मला फार आवडतो.

या कारखान्याने १९२० मध्ये गिऱ्हाइकांसाठी एक पत्रिका काढली, "किर्लोस्कर खबर". लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव तिचे संपादक. त्या खबरीचं पुढे "किर्लोस्कर" मासिक झालं, जोडीला "स्त्री" आणि "मनोहर" आली, आणि घराघरांत तीन पिढ्यांनी ती वाचली. नांगर आणि पंपाची माहिती देता देता मराठी साहित्याचं एक मोठं दालन उभं राहिलं! जगात दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपने आपल्या भाषेला असं काही दिलं असेल का? अलीकडे पुण्यातून "धातुकाम" हे केवळ यंत्रणाला वाहिलेलं मराठी मासिक निघालं, तेव्हा मला त्यात "खबर"चंच रक्त दिसलं.

मेस्त्रींचा कॅमेरा

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांना सिनेमा काढायचा होता, कॅमेरा नव्हता. मग १९१८ च्या सुमारास सोबत्यांच्या मदतीने सुटे भाग घडवून त्यांनी देशातला पहिला देशी बनावटीचा सिने-कॅमेरा उभा केला. त्या मंडळींतले विष्णुपंत दामले पुढे "प्रभात"चे संस्थापक झाले, प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कॅमेऱ्याचे दाते घासणाऱ्या हातांनीच पुढे "संत तुकाराम" घडवला.

खंडेनवमी

वर्षातून एक दिवस भोसरीची शेडं सकाळी लवकर उघडतात आणि मशीन चालत नाहीत. आदल्या संध्याकाळी बेडवरचा कीस झाडलेला असतो, कूलंटची टाकी उपसलेली असते, स्लाइडना ताजं तेल. टेलस्टॉकवर झेंडू, सीएनसीच्या पॅनेलवर झेंडू. मायक्रोमीटर, व्हर्निअर, पाने टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीने मांडतात. एरवी स्वतःचा मायक्रोमीटर कुणालाही उसना न देणारा माणूस त्या दिवशी तो सर्वांच्या हत्यारांच्या रांगेत ठेवतो. हिंजवडीतही लॅपटॉपवर आणि सर्व्हरच्या दारावर फुलं पडतात. शेजारच्या शेडमधले लोक येतात, मागच्या महिन्यात अडलेल्या जॉबचं काय झालं ते विचारतात, पेढा तोंडात टाकत इन्सर्टचा नंबर कागदावर लिहून घेतात. चकची चावी चकमधून काढून बाजूला, ट्रेमध्ये ठेवलेली असते. तिच्यावरही हळदकुंकू वाहतात.